काचेच्या कापडाचं टोपरं

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी सकाळी माझी पत्नी वारली. घरात आम्ही दोघेच होतो. चहा गॅसवर होता. मी गॅस बंद केला आणि शेजाऱ्यांना हाक मारली.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात चार-पाच जण बोलले. ती मायाळू होती, कष्टाळू होती, आल्यागेल्याला चहाशिवाय जाऊ देत नसे, असं त्यांनी सांगितलं आणि त्यात खोटं काही नव्हतं. पण जळगावच्या आमच्या घरामागच्या पडवीत बसून तिने दहा-बारा वर्षं लहान विमानांचे फायबरग्लासचे भाग बनवले, हे कुणाच्या बोलण्यात आलं नाही. ते मी सांगायला हवं होतं. चारचौघांत उभं राहिलं की माझे शब्द जातात. आयुष्यात एकदाच ते वेळेवर आले होते, तेही तिच्याच बाबतीत.

सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीचा सुमार असेल. मी एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. विमानांचं वेड मला धुळ्याला शिकत असताना लागलं. तिथल्या एका मैदानावर एक गृहस्थ मधोमध उभे राहून दोन बारीक तारा मुठीत ताणून धरत, आणि तारांच्या टोकाला हलक्या लाकडाचं विमान त्यांच्याभोवती फिरे. विमानाच्या नाकात अंगठ्याएवढं इंजिन असे आणि त्याचा आवाज मात्र मोटारसायकलीचा. ते पाहताना माझे दोन तास बुडाले. नोकरी लागल्यावर मी रद्दीच्या दुकानांतून परदेशी मासिकांचे जुने अंक जमवले आणि ते वाचून लाकडाची विमानं केली. ती उडतही. माझं अडायचं ते नाकापाशी. इंजिनावर एक गोल झाकण लागतं, त्याला काऊल म्हणतात. लाकडाचं केलं तर ते जड होई, पत्र्याचं केलं तर चेपे. मासिकं सांगत होती, फायबरग्लासचं करा.

फायबरग्लास म्हणजे काचेच्या धाग्यांचं पांढरं कापड आणि त्यावर चढवलेलं रेझिन. रेझिन मधासारखं असतं. त्यात हार्डनरचे थेंब घातले की ते घट्ट होत जातं आणि कापडासकट त्याचं कवच बनतं. औद्योगिक वसाहतीत कूलरच्या बॉडी बनवणारे एक जण ओळखीचे होते. त्यांच्याकडून मी डबाभर रेझिन आणि वारभर कापड आणलं. महिना एप्रिलचा. मासिकात लिहिले होते तेवढे थेंब मी आंघोळीच्या मगात मोजून घातले, ढवळले आणि ब्रश शोधायला आत गेलो. परत आलो तर मगातून धूर निघत होता. रेझिनचा दगड झाला होता आणि मगाचा एक गाल आत गेला होता.

वास आला म्हणून ती स्वयंपाकघरातून बाहेर आली. मगाकडे पाहिलं, मासिकाकडे पाहिलं आणि हे कुठं छापलंय, असं विचारलं. मी म्हटलं, इंग्लंडात. तिथं उन्हाळ्यात किती तापतं, ते तिने विचारलं. मला ते माहीत नव्हतं. मग तिने विचारलं की उन्हाळ्यात ती दह्याला विरजण किती लावते, हे मी कधी पाहिलंय का. तेही मी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत तिने परातीत माठातलं पाणी ओतलं, त्यात वाटी ठेवली आणि निम्मेच थेंब घातले. रेझिन शांतपणे, अर्ध्या-पाऊण तासाने घट्ट झालं. त्यानंतर पडवी हळूहळू तिची झाली.

तिचे वडील शिरपूरला शिंपीकाम करत. भीमजयंतीच्या आधीचा महिनाभर त्यांच्या घरात पांढऱ्या कापडाचे ढीग असत आणि हातात कात्री धरता येऊ लागल्यापासून ती त्या ढिगांत बसलेली. काचेचं कापड पाहून ती बिचकली नाही. तिच्या दृष्टीने ते एक नाठाळ कापड होतं. कडेने उसवायचं, हाताला टोचायचं, आणि त्याचं कुसळ अंगात शिरलं की दोन दिवस खाज जायची नाही. माझे जुने पूर्ण बाह्यांचे सदरे ती मनगटापर्यंत बटणं लावून घाली, हातांना पावडर फासी, आणि ते सदरे वेगळ्या बादलीत धुई.

कामाची वाटणी आपोआप झाली. लाकडातून आकार कोरायचा, खाचांत लांबी म्हणजे पुट्टी भरायची, पॉलिश पेपरने घासायचं, त्यावरून साचा काढायचा आणि साच्याला आतून वॅक्स लावायचं, हे माझं. वॅक्स नीट लागलं नाही तर भाग साच्यातून सुटत नाही. कापड कापून साच्यात बसवणं आणि ब्रशने ठोकून ठोकून त्यात रेझिन मुरवणं, हे तिचं. काऊलला ती टोपरं म्हणे. चाकांवर बसणाऱ्या कवचांना जोडे. आमच्याकडे अजून पाळणा हलला नव्हता, आणि शेजारच्या अक्कांनी एकदा भिंतीपलीकडून टोपऱ्याची मापं चाललेली ऐकली. त्या पेढे कधी म्हणून विचारायला आल्या. तिने त्यांच्या हातात लाल रंगाचं टोपरं ठेवलं. अक्कांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि बाळाला टोचेल, एवढंच म्हणाल्या.

धुळ्याचे ते मैदानावरचे गृहस्थ पेशाने वकील. सगळे त्यांना नाना म्हणत. मी कुणाच्या तरी हाती त्यांना एक टोपरं पाठवलं, तर पुढच्याच रविवारी ते स्वतः एसटीने जळगावला आले. टोपरं नखाने वाजवलं, उन्हात धरून आत बुडबुडे आहेत का ते पाहिलं. एक नव्हता. नाकाच्या गोलाईवर त्यांनी तीनदा बोट फिरवलं आणि मला म्हणाले, “सर, तुमच्या हाताला तोड नाही.”

ती केळ्याच्या वेफरची ताटली घेऊन दारात उभी होती. मी खोटं काही बोललो नाही. मी चहा प्यायलो.

नाना गेल्यावर तिने कप गोळा केले. अहिराणी ती फक्त माहेरच्यांशी बोलायची, किंवा मग रागात. कप विसळताना माझ्याकडे पाठ ठेवूनच म्हणाली, “तुमना हात भारी शे, सर.”

आता वाटतं, तेव्हा तिचा टोमणा मला निम्माच पटला होता. साचा माझा, घासणं माझं, मासिकं माझी. साचा गुळगुळीत असला की भाग गुळगुळीत निघणारच, अशी माझी समजूत होती. कापड ती नेहमी टेबलावर तिरकं टाकून कापायची. टेबल लहान म्हणून तसं करत असेल, असं मला वाटे. विचारलं कधी नाही.

नानांनी बोलबाला केला. नाशिकहून, इंदूरहून पत्रं येऊ लागली. सगळी ‘आदरणीय सर’ अशी सुरू होत. ती वाचे आणि रेडिओखाली ठेवून देई, कापडाला मात्र त्याच दिवशी हात घाली. एकाने विचारलं होतं की नाकाच्या टोकाला तुमच्याकडे एकही चुणी कशी पडत नाही, कृपया कळवावे. मी पानभर उत्तर लिहिलं. त्यात वॅक्सचे किती हात द्यावेत, कोणत्या नंबरचा पेपर वापरावा, हे सगळं होतं. ती त्यात नव्हती. पत्र पेटीत टाकायच्या आधी तिने वाचायला मागितलं. शेवटपर्यंत वाचलं, घडी घातली आणि परत देत म्हणाली, तिकीट लावा.

तिसऱ्या वर्षी डिसेंबरात धुळ्याला दहा-बारा हौशी माणसं जमणार होती. नानांनी नवं, मोठं विमान केलं होतं आणि त्याच्यासाठी टोपरं मागितलं होतं. मी साचा तयार केला. ती पडवीत आली, माझ्या हातातून वॅक्सचा डबा घेतला आणि मला कात्री दिली.

“या वेळचं सरांनी करावं,” ती म्हणाली. “वॅक्स मी लावते.”

तिने फार सुरेख वॅक्स लावलं. मी कापड टेबलाच्या कडेला समांतर, पट्टी ठेवून, सरळ कापलं आणि साच्यात घातलं. नाकाच्या टोकाशी ते कपाळावर आठी पडावी तसं गोळा झालं. आठी इकडून दाबली की तिकडे निघे. शेवटी मी तिथे कात्री मारून एकावर एक पदर चढवले, ते बसेनात म्हणून रेझिन ओतलं, वर लांबी भरली आणि लाल रंग दिला. लांबून ते टोपऱ्यासारखं दिसत होतं. तिने हातात घेऊन सगळ्या बाजूंनी पाहिलं, छान झालंय म्हणाली आणि वर्तमानपत्रात व्यवस्थित गुंडाळून दिलं. मी तिला चल म्हटलं नाही आणि तिने येते म्हटलं नाही.

मैदानावर थंडी होती. सगळे उन्हाच्या बाजूला उभे होते. नानांनी कागद सोडला, टोपरं तळहातावर घेऊन वजनाचा अंदाज घेतला, मग नाकावरून बोट फिरवलं. बोट लांबीपाशी थांबलं.

“सर, हाताला काय झालं?”

काहीही सांगता आलं असतं. घाई होती, थंडीत रेझिन धरलं नाही, हे सगळं जिभेवर होतं. दहा-बारा माणसं माझ्याकडे पाहत होती आणि माझे शब्द नेहमीसारखे जायला लागले होते.

“माझा हात आज पहिल्यांदाच लागलाय,” मी म्हणालो. “आधीचं सगळं माझ्या पत्नीने केलेलं आहे.”

नाना माझ्याकडे पाहत राहिले. वकील माणूस, साक्षीदार कधी फिरतो हे त्यांना कळत असणार. मग त्यांनी आपल्या अहिराणीत उलटतपासणी सुरू केली. “बठ्ठं वहिनीनं काम शे?”

मी म्हटलं, हो, सगळं तिचंच.

“मंग तुम्ही काय करतस?”

“मी वॅक्स लावतो.”

सगळे हसले, मीही हसलो. नानांनी पुढे विचारलं की वहिनी चुणी कशी टाळतात. मला सांगता येईना. तीन वर्षं एका पडवीत बसून तुम्हाला माहीत नाही, असं ते म्हणाले, तेव्हा कुणी हसलं नाही. निघताना त्यांनी बजावलं की पुढच्या महिन्यात वहिनींना आणायचं आणि माझं येणं झालं नाही तरी चालेल.

एरंडोलपर्यंत मी बसमध्ये उभाच होतो. घरी पोचल्यावर चपला काढायच्या आधी मी तिला मैदानावर जे झालं ते सांगितलं, एकही शब्द न गाळता. आणि विचारलं, चुणी का पडत नाही.

तिने माझ्या खिशातला रुमाल काढला. त्याच्या समोरासमोरच्या कडा धरून ताणला. तो ताणला गेला नाही. मग समोरासमोरचे कोपरे धरून ओढला, तर तो लांबला, मधे बारीक झाला, आणि तिच्या मुठीवर ठेवताच मुठीच्या आकाराचा होऊन बसला. “याला उरेब म्हणतात,” ती म्हणाली. “ब्लाऊजला, टोपऱ्याला, गोल जागेवर कापड असंच लावायचं. आमच्याकडे पोरीसोरींनाही माहीत असतं.”

“सांगितलं का नाही?”

“विचारलं कधी?”

जानेवारीत आम्ही दोघं धुळ्याला गेलो. तिने नानांसाठी नवं टोपरं केलं होतं, माझ्याच्या निम्म्या वजनाचं. विमान उडालं तेव्हा तिला चारदा मान फिरवावी लागली, मग चक्कर येते म्हणून ती फक्त एका जागी पाहत राहिली आणि लाल टोपरं समोरून गेलं की आकडा म्हणू लागली. एकवीस फेऱ्या झाल्या. विमान उतरल्यावर नानांनी मला ओलांडून तिला थेंब किती घालता ते विचारलं. ती दही लावण्यापासून सुरू झाली. भोवती माणसं जमली, तिने कुणाचा तरी गळपट्टा मागून घेतला आणि उरेब ओढून दाखवला. पाऊण तास ती बोलत होती, शेवटी शेवटी तर अहिराणीतच. मी जेवणाची पिशवी धरून बाजूला उभा होतो. इतकी गप्पिष्ट मी तिला माहेरीच पाहिली होती.

आठवड्याने पत्र आलं. पाकिटावर तिचं नाव होतं, पूर्ण, आणि घरचा पत्ता. राखीच्या दिवसांत येणाऱ्या भावाच्या मनिऑर्डरीखेरीज तिच्या नावाने टपाल येत नसे. तिने आधी कुणी लिहिलंय ते पाहिलं नाही. पाकिटाचीच पुढची बाजू बराच वेळ वाचत बसली. मग मला म्हणाली, याचं उत्तर मी लिहीन, तुम्ही फक्त शुद्धलेखन बघा. मी बघितलं. दोनच चुका होत्या आणि त्या मी तशाच राहू दिल्या.

पुढे आठ-नऊ वर्षं ती पत्रं येत राहिली. यावलच्या एका मास्तरांनी एकदा टोपऱ्याच्या बदल्यात केळ्याचा घड आणून दिला होता. नंतर मुंबईहून तयार भाग मिळू लागले, मागण्या विरळ झाल्या आणि एका उन्हाळ्यात तिने रेझिनचा नवा डबा मागवला नाही. थांबलो असं आम्ही कधी म्हटलं नाही.

पडवीत अकरा साचे आहेत. मला त्यांतून भाग काढता येत नाही. मागच्या महिन्यात एकाने ते कुणाचे म्हणून विचारलं. मी तिचं नाव सांगितलं.