पिसवांवरची पावडर

आक्काचं तेरावं झालं त्या दुपारी माझी सून भेटायला आलेल्या बायकांशी बोलत होती. "आत्यांना मांजराचा भारी तिटकारा," ती म्हणाली. "गॅलरीत नुसतं दिसलं तरी उठून आत जायच्या." मी शेजारच्या खोलीत होतो. बाहेर जाऊन काही सांगावंसं वाटलं, पण गेलो नाही.

आक्का माझी थोरली बहीण. तिला मांजराचा तिटकारा कधीच नव्हता.

पन्नासेक वर्षांपूर्वी मी चिंचवड गावात नदीच्या अंगाला दोन खोल्यांत राहत होतो. शाळेत मास्तर होतो, लग्न झालेलं नव्हतं. आमचे मेहुणे चाकणला धान्याच्या वखारीत होते. आषाढात ते विषमज्वराने गेले. मूलबाळ नव्हतं. दिवस उरकल्यावर दिरांनी आक्काला माझ्याकडे पोचवलं. एक ट्रंक होती, आणि वरून लुगड्याचा तुकडा बांधलेली एक वेताची टोपली. टोपलीत करडी मांजर होती.

"हिला तिकडे कोण बघणार," एवढंच ती म्हणाली.

पिल्लू असताना मेहुण्यांनी ती वखारीतून सदऱ्याच्या खिशात घालून आणली होती. त्यांच्या दुखण्यात ती त्यांच्या पायांवर निजायची, तशी आता आक्काच्या पायांवर निजू लागली. तिकडच्या घरातलं आक्काकडे दुसरं काही उरलं नव्हतं. कधी वाती वळताना, कधी निवडण करताना ती त्या मांजरीशी हळू आवाजात बोलत असे. माझ्याशी ती फारसं बोलत नसे.

पुढच्या वैशाखात पिसवा झाल्या. आधी मांजरीच्या मानेशी, मग सतरंजीत, मग जमिनीच्या भेगांत. शेणाच्या जमिनीवर पाऊल टाकलं की पोटऱ्यांवर काळे ठिपके उडत. एकदा वर्गात माझ्या पांढऱ्या धोतरावर एक दिसली, तेव्हा शेजारच्या वर्गावरचे शिक्षक म्हणाले, "मास्तर, आज घरची मंडळी सोबत आणलीत वाटतं."

घरमालक मात्र हसण्यावारी नेणारे नव्हते. सत्तरीचे, गावातले जुने. प्लेगात त्यांच्या घरातली चार माणसं रानातल्या झोपडीत दगावली होती. ते उंबऱ्याबाहेर उभे राहून बोलले.

"मास्तर, ह्या पिसवा हायेत, ढेकूण न्हाईत. म्या पलेग बघितलाय. मांजर घालवा."

"आता प्लेग नाही राहिला, आबा."

"तुमच्या बुकात नसंल राहिला."

ज्येष्ठात हिवतापाची फवारणी करणारी माणसं गावात आली आणि आमची सुटका झाली. खाकी कपडे, पाठीला पंप. त्यांनी भिंतींवर डीडीटी मारली, चौकटीवर गेरूने तारीख घातली आणि आक्काला बजावलं, "बाई, तीन महिने सारवायचं नाही. भिंतीला पोतेरं लावायचं नाही. औषध वर राहिलं पाहिजे." दहा दिवसांत पिसवा गेल्या. मांजर तेवढ्यात व्याली, तीन पिल्लं झाली. घरमालकांनी तेही चालवून घेतलं.

आषाढात मेहुण्यांचं वर्षश्राद्ध आलं. दीर ते चाकणला करणार होते आणि आक्काला बोलावणं नव्हतं. तिने इथेच एक पान वाढायचं ठरवलं. पान वाढायचं तर घर सारवलेलं हवं. मी शाळेत असताना तिने सगळी जमीन शेणाने सारवली आणि भिंतींना हातभर उंचीपर्यंत पांढरी माती दिली. संध्याकाळी घर स्वच्छ, ओलं, शेणाच्या वासाचं झालं होतं. फवाऱ्याचे ठिपके मातीखाली गेले होते.

"तीन महिने म्हणाले होते ना," मी म्हणालो.

"ह्यांचं पान त्या विषाच्या डागांशेजारी वाढू?"

मी आणखी बोललो. तुझ्या श्राद्धापायी आपण घराबाहेर होऊ, असं बोललो. ती पाट मांडत राहिली.

पिसवा परत आल्या. पाऊस लागलेला, अंथरुणं उन्हात टाकायची सोय नाही. पिल्लांच्या अंगावर तर बोट ठेवायला जागा नव्हती. घरमालकांनी आठ दिवस दिले. "मांजरं न्हाई तर तुमी," ते म्हणाले आणि आक्काकडे न बघता गेले. त्या दिवशी आक्का जेवली नाही. "तिला कुठं सोडलंस तर मीही तिच्यामागं जाईन," ती म्हणाली. तिने पोकळ धमकी कधी दिली नव्हती.

फवारणीची माणसं तेव्हा पिंपरीच्या निर्वासित वसाहतीत काम करत होती. मी शाळा सुटल्यावर चालत गेलो. त्यांतल्या एकाने वर्तमानपत्राच्या कागदात पावडरीची पुडी बांधून दिली. "हे पाण्यात कालवून भिंतीला मारायचं, मास्तर. नुसतं नका वापरू." मी मान हलवली. पण मी एका मासिकात वाचलं होतं, की महायुद्धात सैनिकांच्या कपड्यांत हीच पावडर कोरडी फुंकत, उवा मरत आणि माणसांना काही होत नसे. त्यांची पावडर किती सौम्य असेल आणि ही किती जहाल, हा विचार मी केला नाही. सैनिक आपलं अंग चाटत नाहीत, हेही डोक्यात आलं नाही. खरं सांगायचं तर आलं होतं. पुडी सोडताना क्षणभर आलं होतं. पण आक्का दळण घेऊन गिरणीत गेली होती, आणि ती यायच्या आत मला हे उरकायचं होतं.

मांजरीने विरोध केला नाही. माझ्या मांडीवर ती पोट वर करून पडली. मी केसांच्या मुळाशी पावडर चोळली, पिल्लांनाही चोळली. वरची पांढरी भुकटी फडक्याने पुसून टाकली, म्हणजे आक्काला दिसू नये.

दुसऱ्या दिवशी मांजरीचे कान थरथरू लागले, मग सगळं अंग. ती उभी राहायला गेली की कलंडत होती. तोपर्यंत ती पिल्लांना आणि स्वतःला चाटून साफ करत होती. पिल्लं आधी गेली. मांजर आणखी एक दिवस आक्काच्या मांडीवर आचके देत होती. आक्का तिच्या तोंडात बोटाने पाणी सोडत होती.

ती गेल्यावर आक्का आपल्या तळहातांकडे बघत म्हणाली, "मी ओल्या हाताने भिंती सारवल्या रे. ते औषध शेणात कालवलं गेलं. तिच्या पायांना लागलं."

तेव्हा बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "असेल."

चारही जीव मी नदीकाठी पुरले. "बरं झालं, तुमी सुटला," घरमालक म्हणाले. पण मांजर गेल्यावर पिसवांना आम्हीच उरलो. महिनाभर त्यांनी आमचे पाय फोडून काढले. शेवटी जमिनीचा वरचा थर खणून काढला, नवा मुरूम टाकून चोपला, तेव्हा त्या गेल्या.

नवी जमीन सारवायला आक्का बसली नाही. शेजारची बाई येऊन सारवून गेली. पुढच्या आषाढात तिने पानही वाढलं नाही. "माझ्या हाताने नको," म्हणाली. त्यानंतर कधीच वाढलं नाही.

पुढे माझं लग्न झालं, निगडीत घर झालं. फरशीच्या घरात सारवणं नव्हतं. गॅलरीत मांजर आलं की आक्का उठून आत जायची, एवढंच राहिलं. पन्नास वर्षांत मी किती वेळा तोंड उघडलं आणि दुसरंच काही विचारलं, ते मला ठाऊक आहे.

बायका गेल्यावर सून माझा चहा घेऊन आली. मी तिला म्हटलं, "तिला मांजरं आवडायची. तिचं मांजर मी मारलं होतं. तिला वाटत राहिलं, आपण मारलं."

कप माझ्या हाताजवळ सरकवत ती म्हणाली, "असू द्या, बाबा. मांजरच ना. चहा घ्या."