पिशवीच्या बाहेर

सासूबाईंची पाळी बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. त्यामुळे हिंगणघाटच्या घरी न्हाणीत जुन्या पातळाचा तुकडा वाळत घातलेला दिसला, तेव्हा मी तिथेच थबकले. धुऊनही त्यावरचे रक्ताचे डाग गेले नव्हते.

"गरमीनं होत असन," त्या म्हणाल्या. "कोणाले सांगू नको."

मी नवऱ्याला सांगितलं. तपासणीत गर्भपिशवीचा कॅन्सर निघाला आणि आम्ही त्यांना सेवाग्रामच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी ऑपरेशनची तारीख दिली नाही. आधी एमआरआय, मग छाती-पोटाचा सीटी स्कॅन. त्यासाठीच आठवडाभर थांबायचं होतं.

नवरा चिडला. "कॅन्सर पिशवीत आहे हे कळलंय ना? मग फोटो काढत काय बसायचं? काढून टाका."

"पिशवी काढता येईल," बाई म्हणाल्या. "पण आजार तिथेच थांबलाय की पुढे गेलाय, ते बघितल्याशिवाय मी पोट उघडणार नाही."

त्या आठवड्यात सासूबाई मला स्वयंपाकघरातले डबे दाखवू लागल्या. हळद इथं, वाळवणाच्या सांड्या तिथं, लोणच्याची बरणी माळ्यावर. मी नको म्हटलं तरी थांबेनात.

एमआरआयच्या दिवशी अंगावरचं सगळं धातूचं काढायला सांगितलं. जोडवी निघेनात. लग्नापासून बोटांत रुतून बसलेली.

"धनी जिता असताना जोडवी काढाले लावता मले?" त्या हळूच म्हणाल्या. मी साबणाचं पाणी लावून ओढत होते. बोटं लाल झाली. शेवटी निघाली तेव्हा त्यांनी पाय साडीखाली ओढून घेतले.

दोन्ही स्कॅन झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांना आत बोलावलं. पडद्यावरचं चित्र त्या पुन्हा पुन्हा मागेपुढे सरकवत राहिल्या. आजार पिशवीची भिंत पोखरून बाहेर पडला होता. पाठीच्या कण्यापुढच्या गाठी सुजल्या होत्या.

"सरळ पिशवी काढली असती तर हे बाहेर पसरलेलं पोटातच राहून गेलं असतं," त्या म्हणाल्या. "आता आधी औषधं."

बाहेर आल्यावर सासूबाईंनी विचारलं, "काढून नाई राह्यले काय?"

"थोडं थांबायचंय, आई," मी म्हटलं.

"काऊन?"

मी औषधांची चिठ्ठी उलगडून वाचू लागले.

केमोत त्यांचे केस गेले, जेवण सुटलं. पुन्हा स्कॅन केला तेव्हा गाठी आकसल्या होत्या. मग ऑपरेशन झालं, आणि त्यातून त्या उठल्या. आता अंगणात तुळशीला पाणी घालतात, शेजारणीशी भांडतातही.

पण परवा तपासणीला गेलो, तेव्हा बाई छातीच्या फोटोपाशी जरा जास्त वेळ थांबल्या. "काही नसेलही," म्हणाल्या. "पण एकदा सीटी करून घेऊ."

घरी आल्यावर सासूबाईंनी मला पुन्हा डबे दाखवायला घेतले. सीटी सोमवारी आहे.