तिची माय कुठी होती?

भागीरथा ढिवरीण म्हणजे भांडकुदळ बाई, असं गोंडपिपरीकडच्या गावांत सगळे म्हणत. पण लेक जाईपर्यंत तिचा आवाज शेजारच्या घरालाही ऐकू जात नसे. नवरा मुखरू तलावात जाळं टाकायचा आणि ती टोपलीत मासे घेऊन गावोगाव फिरायची. कुणी टोचून बोललं तरी मान खाली घालून पुढच्या दाराशी जायची.

कुंता तिची एकुलती एक लेक. तिला वैनगंगेपलीकडे दिली होती. पहिली मुलगी चंदा पाच वर्षांची झाली, आणि दुसऱ्या वेळी दिवस भरत आले तेव्हा कुंताचे पाय सुजले, अंगात ताप मुरला. तिला बाळंतपणाला आणायला भागीरथानं मुखरूला डोंगा घेऊन धाडलं. कुंताची सासू नीलाबाई हिनं त्याला ओसरीवरूनच परत पाठवलं.

"रोवणा होऊ द्या भाऊ, मंग न्या. हातची बाई आता कशी सोडू?"

चिखलात वाकून धान रोवता रोवताच कुंता पुढे कोसळली. बायकांनी उचलून बांधावर आणली, तोवर पोटातल्या जिवासकट ती संपली होती.

दहाव्याला भागीरथा लेकीच्या अंगणात बसली होती. एकेक बाई यायची, डोळ्यांना पदर लावायची आणि तेच म्हणायची, "लय सोशिक पोरगी! कधी तोंडातून शब्द नाई निंगला." कौतुकच करत होत्या. भागीरथाला मात्र कुणी खडे मारावेत तसं होत होतं, कारण सासरी तोंड उघडू नको, हे लग्नात तिनंच लेकीला बजावलं होतं. तिनं चंदाला मागितलं, तर जावई लटारू म्हणाला, "आमची पोट्टी आमच्या घरी राहील."

पुढच्या उन्हाळ्यात, सत्तावन साली, शाळामास्तरांच्या बायकोनं, इंदुताईंनी, दुपारी ओसरीवर बायकांना एक कादंबरी वाचून दाखवायला घेतली. बायका चिंचा फोडत ऐकायच्या. कादंबरीतली सून उपाशी राहायची, मार खायची. तिची दोन लेकरं पाठोपाठ गेली, तरी ती देवापुढे दिवा लावून सगळ्यांचं भलं मागायची. शेवटी ती मेली आणि सासरचे पस्तावून रडले. ओसरीही रडली. भागीरथाचे डोळे कोरडे होते.

"बाई, तिची माय कुठी होती?"

इंदुताईंनी पानं मागे उलटली. "लग्नानंतर आईचं काही लिहिलंच नाही हो."

"काऊन नाई? मेली होती का?"

"तसंही लिहिलं नाही."

"म्हंजे जित्ती होती अन् आली नाई!" भागीरथानं हातातली चिंच भिरकावली. "अन् तुमी आता रडून राह्यल्या? ते उपाशी होती तवा एका तरी बाईनं त्या सासूचा हात धरला का?"

"पुस्तकातली गोष्ट हाये माय," शेजारची प्रेमिला म्हणाली.

"माह्यी पोरगी पुस्तकातली नोहती."

इंदुताईंनी पुस्तक मिटून विचारलं, "चंदा कशी आहे?" उत्तर प्रेमिलानं दिलं. ती नुकतीच पलीकडे जाऊन आली होती. चंदा विहिरीवरून पाणी वाहत होती, आणि नीलाबाई कौतुकानं सांगत होती, पोट्टी मायवरच गेली, मुकाट करते.

भागीरथा उठली ती थेट नदीवर गेली.

पलीकडे नीलाबाईच्या घरी चंदा चुलीपाशी बसली होती. तिच्या मनगटावर भाजल्याचा फोड होता आणि ती त्याच हातानं जळण सारत होती. आजीला पाहूनही ती रडली नाही.

"या इहीनबाई, बसा. पाणी घ्या," नीलाबाई म्हणाली.

"तुह्या घरचं पाणी नाई पेत मी. पोट्टीले नेतो."

लटारू दारात आडवा झाला. आरडाओरड ऐकून शेजारच्या बायका अंगणात जमल्या. भागीरथा त्यांच्याकडे वळली.

"दहाव्याले साऱ्या रडल्या होत्या ना? मंग सांगा, माह्या कुंताच्या बाजूले कोन रोवत होतं? कोनाले दिसले नाई तिचे पाय?"

मग इतवारी नावाची म्हातारी पुढे आली.

"मी होती बाई. पोरीले बसू दे, असं एक डाव म्हनली मी नीलाबाईले. ते माह्यावर ओरडली, मंग मी गप राह्यली." तिनं लटारूच्या छातीवर हात ठेवून त्याला बाजूला लोटलं. "सर. जाऊ दे पोट्टीले."

एवढ्या बायकांसमोर म्हातारीवर हात टाकायची लटारूची छाती झाली नाही. भागीरथानं चंदाला कडेवर घेतलं.

जातीचे पंच बसले, तिथंही भागीरथा गप राहिली नाही. बापाच्या घरून पोर उचलली म्हणून मुखरूला त्या वर्षी तलावात जाळं टाकायची मनाई झाली. "पंचायतीत तरी गप बसाचं होतं तुनं!" तो चिडून म्हणाला. "गप बसूनच एक गमावली," ती म्हणाली. त्यानं जाळं खांद्यावर टाकलं आणि तो नदीवर गेला. लग्नाकार्याला त्यांना कुणी बोलवेना. पाणवठ्यावर बायका कुजबुजत, तर ती जवळ जाऊन मोठ्यानं विचारी, "काय म्हनता? मलेबी सांगा."

चंदा मात्र सांगेल ते करी. पानात पडेल ते खाई, ठेच लागली तरी ओरडत नसे. ते पाहून भागीरथाला इतका संताप येई, की ती अंगणात जाऊन कुऱ्हाडीनं लाकडं फोडत बसे.

दिवाळीनंतर एका सकाळी तिनं पोरीपुढे आंबील ठेवली. चंदानं वाटी लोटून दिली. आंबील जमिनीवर सांडली.

"रोज रोज हेच! नाई पेत मी! भात पायजे मले!" ती पाय आपटत किंचाळली.

मुखरू तिला दटावायला उठला.

"ओरडू द्या तिले," भागीरथा म्हणाली. मग ती तिथंच, सांडलेल्या आंबिलीशेजारी बसली आणि कुंता गेल्यापासून पहिल्यांदा मोठ्यानं रडली. चंदा आधी घाबरली, पण तरी तिनं हेका सोडला नाही. नाक ओढत भागीरथानं चुलीवर भाताचं भांडं चढवलं.