नानांचा बल्ब

आज सोल्डरिंग करताना राळेचा धूर नाकात गेला आणि घोटावड्याची ती भाड्याची खोली आठवली. हिंजवडीतली नोकरी तेव्हा नवी होती. हौशी लोकांच्या इलेक्ट्रॉनिक्स स्पर्धेसाठी मी व्होल्टेज कमीजास्त करता येणारा पॉवर सप्लाय बनवत होतो. घरमालक नाना जुने वायरमन. दारात उभे राहून ते रोज निरखत राहायचे. त्यांचा पुतण्याही त्याच स्पर्धेत होता आणि खोलीची दुसरी किल्ली नानांकडेच असायची, त्यामुळे मला ते बघणं खटकायचं.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी सकाळी शेवटची जोडणी केली आणि चालू न करताच कामावर गेलो. संध्याकाळी येऊन बघतो तर सप्लायची प्लगकडे जाणारी वायर मधेच कापलेली आणि तिथे होल्डरसकट शंभर वॅटचा बल्ब जोडलेला. बटण दाबलं तर बल्ब लख्ख पेटला, सप्लायच्या मीटरचा काटा मात्र जागचा हलेना. पुतण्यासाठी म्हाताऱ्याने डाव साधला, याची मला खात्रीच पटली. मी बल्ब काढून कोपऱ्यात फेकला, वायर सरळ जोडली आणि पुन्हा बटण दाबलं. ट्रान्सफॉर्मर गुरगुरला आणि जळक्या वार्निशचा वास खोलीभर पसरला. एक डायोड मीच उलटा लावल्याने आत शॉर्ट झाला होता.

वासाने नाना आले. "आत शॉर्ट हाय असं वाटलं, म्हणून बल्ब लावला व्हता मी. शॉर्ट असला की त्यो लख्ख पेटतो आन् आतलं काय जळत न्हाई, मग थांबायचं असतंय. कुटं गेला त्यो?"

"मला काय माहीत," मी म्हणालो.

नानांनी कोपऱ्यातल्या काचांकडे एकदा बघितलं आणि ते केरसुणी आणायला गेले.