खोडरबर भरलेल्या पुंगळ्या

बंदूक रिकामी आहे असं कुणी सांगितलं, की मेजर मान डोलवायचे आणि तरीही ती हातात घेऊन मधून दुमडायचे. एक डोळा मिटून नळी उजेडाकडे धरायचे. आरपार बघून झालं, की समोरच्याला म्हणायचे, "तुमच्यावर हाय भरवसा. हिच्यावर नाय."

स्वतःची बंदूक भिंतीला टेकवून ते चहाला गेले, तरी परत आल्यावर तिचीही तपासणी व्हायची. मी एकदा चेष्टेनं विचारलं, तुम्ही चहा पीत होता तेवढ्यात ती आपोआप भरली का?

"आपल्या माघारी काय करती, काय सांगावं," ते गंभीरपणे म्हणाले.

मेजर हा त्यांचा हुद्दा नव्हे. आमच्याकडे सैन्यातून परतलेल्या कुणालाही मेजर म्हणतात. ते अजिंठ्याकडच्या एका खेड्यातले, साठीला टेकलेले. चिकलठाण्यातल्या एका बँकेच्या दाराशी स्वतःच्या परवान्याची बंदूक घेऊन पहारा करायचे. ज्याच्याकडे बंदूक, त्यालाच ती नोकरी. रविवारी आमच्या नेमबाजी मंडळाच्या मैदानावर ते बंदुका साफ करून द्यायला यायचे. मी त्या मंडळाचा सचिव.

बंदूकवाल्यांमध्येही जाती असतात, हे तुम्हा बाहेरून बघणाऱ्यांना ठाऊक नसेल. आम्ही मंडळवाले हवेत उडवलेल्या मातीच्या चकत्या फोडतो आणि स्वतःला खेळाडू म्हणवतो. शेतकरी रानडुकरं हाकलायला बंदूक बाळगतात. त्यांना आम्ही डुकरवाले म्हणतो आणि ते आम्हाला थाळीफोडे. बँकेच्या पहारेकऱ्यांना दोघंही खुर्चीवाले म्हणतात, कारण ते दारात खुर्ची टाकून बसतात आणि त्यांच्या बंदुकीचा आवाज कुणी ऐकलेला नसतो. बंदूक आपल्याच हातात शोभते, बाकीच्यांचे परवाने काढून घ्यावेत, असं प्रत्येकाचं मत. कुठं काही वाईट घडलं, की बोट लगेच दुसऱ्याकडे. मेजर मात्र तिघांच्याही बंदुका साफ करायचे. शेतकऱ्याच्या 'राम राम'ला ते 'जय भीम' म्हणायचे आणि मग दोघं गंजाबद्दल बोलत बसायचे.

मैदान रिकामं झालं, की मेजर खाली पडलेल्या, झाडलेल्या काडतुसांच्या लाल पुंगळ्या उचलून बघायचे आणि चार-पाच चांगल्या निवडून पिशवीत टाकायचे. माझा संशय तिथून सुरू झाला. झाडलेली पुंगळी चोरून पुन्हा भरतात आणि तशी काडतुसं शिकारीला जातात, अशी कुजबुज आमच्यात होतीच. मी पाळत ठेवली. एका रविवारी मेजरांनी एका शेतकऱ्याच्या हातात कागदाची पुडी दिली. जीपमध्ये बसण्याआधी त्या शेतकऱ्यानं इकडेतिकडे पाहिलं. खरंच पाहिलं, की मला तसं दिसलं, हे आज मला शपथेवर सांगता येणार नाही.

विचारायला एक वाक्य पुरलं असतं. मी विचारलं नाही. घरी येऊन परवाना शाखेला पत्र लिहिलं आणि खाली सही केली नाही. आपण मंडळाचं नाव जपतो आहोत, असं मला तेव्हा मनापासून वाटत होतं. मेजरांच्या जागी एखादा बागायतदार पुंगळ्या वेचत असता, तर मी ते पत्र लिहिलं असतं का? हा प्रश्न मला पडला, पण फार उशिरा.

मेजरांची बंदूक चौकशीसाठी जमा झाली. खोलीची झडती झाली आणि पिशवी सापडली. पुंगळ्यांमध्ये दारू नव्हती, छर्रे नव्हते. प्रत्येकीच्या बुडातली ठिणगी पाडणारी टोपी काढून तिथं शाळकरी खोडरबराचा तुकडा बसवलेला होता. रिकाम्या बंदुकीचा चाप ओढला, तर आतली पिन नुसतीच आपटते आणि कधीतरी मोडते. अशी पुंगळी आत घातली, की पिन रबरावर बसते. खऱ्या काडतुसाशी घोळ होऊ नये म्हणून मेजर तिच्यावर पांढरा पट्टा रंगवायचे आणि ज्याला हवी त्याला फुकट द्यायचे.

हे सगळं सिद्ध होऊन बंदूक परत मिळायला कित्येक महिने गेले. बँकेच्या दाराशी दुसरा माणूस पहिल्याच आठवड्यात उभा राहिला होता.

गावी परत जाण्याआधी मेजर मैदानावर आले. मला दोन पुंगळ्या दिल्या. "तुमची दुनळी हाय, दोन लागतील." आणि मी त्यांनाच विचारलं की हे कुणी केलं असेल.

"कुणाचं नाव घेऊ, साहेब? समदे आपलेच."

मग त्यांनी माझी बंदूक घेतली, दुमडली, नळ्यांमधून पाहिलं. "तुमच्यावर हाय भरवसा," म्हणाले. पुढचं वाक्य त्या दिवशी म्हणाले नाहीत. त्यांना ठाऊक होतं का? मी अजून तिथंच अडकलो आहे. त्यांच्या गावी जाऊन सगळं सांगून टाकायचं मी अनेकदा ठरवलं, आणि दर वेळी काहीतरी काम काढलं.

परवा निवडणुकीआधी बंदूक जमा करायला पोलीस ठाण्यात गेलो. रांगेत माझ्यापुढे तोच जीपवाला शेतकरी होता. माझ्यामागे एका बँकेचा पहारेकरी. त्याला सूट होती, तो फक्त पत्र दाखवायला आला होता. शेतकऱ्यानं बंदूक टेबलावर ठेवण्याआधी आतली पुंगळी काढून खिशात टाकली. पांढरा पट्टा मागच्यानं ओळखला.

"मेजरची का?"

"व्हय. तुमच्याकडं बी हाय?"

पहारेकऱ्यानं आपली दाखवली. मीही खिशातून माझी काढली. तिघंही हसलो. मग शेतकरी म्हणाला, मेजर मागच्या उन्हाळ्यात वारले.

पहारेकऱ्यानं आणि मी आपापली पुंगळी परत खिशात टाकली. तोच पुढं म्हणाला, "लई सरळ माणूस. ज्यानं ते पत्र टाकलं ना, त्याला गोड झोप लागायची नाय."

"आपल्यातलाच असंल कुणीतरी," पहारेकरी म्हणाला. दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलवली. डुकरवाले, खुर्चीवाले आणि थाळीफोडे यांचं एकमत झालेलं मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहत होतो.

शेतकरी पावती घेऊन मागं पहारेकऱ्याशेजारी थांबला आणि माझी पाळी आली. अंमलदारानं बंदूक रिकामी आहे ना, असं विचारलं. मी हो म्हणालो.

"मग राहू द्या सर, तुमच्यावर भरवसा आहे," असं म्हणून त्यानं हात पुढं केला.

मी बंदूक दिली नाही. दुमडली, एक डोळा मिटला आणि खिडकीच्या उजेडाकडे धरली. दोन्ही नळ्या लख्ख होत्या. तरी मी बराच वेळ बघत राहिलो. डोळा काढला, की मागं वळून त्या दोघांकडे बघावं लागणार होतं.