कूलरसमोरचं नॉर्वे

सासऱ्यांनी केळीच्या बागेचं चित्र मागितलं आणि मी त्यांना स्वित्झर्लंड दिलं. चूक एवढीच, पण ती करताना मला स्वतःचं फार कौतुक वाटत होतं.

नव्वद सालाच्या आसपास धुळ्यात, देवपुरातल्या दोन खोल्यांत बसून मी जगभरची निसर्गचित्रं काढत असे. जपान, स्कॉटलंड, नॉर्वे. सगळे देश कॅलेंडरवरून आणि बिस्किटांच्या डब्यांवरून उचललेले. शेजारी विचारायचे, "भाऊ, कुठं कुठं फिरून आले?" मी नुसता हसायचो. गेलो होतो जास्तीत जास्त जळगावपर्यंत, तेही एसटीनं.

धुळ्याच्या मे महिन्यात जलरंग कागदावर पसरण्याआधीच वाळतो आणि धुक्याला करवतीसारख्या कडा येतात. म्हणून मी घरातला एकुलता एक कूलर माझ्या टेबलासमोर ओढला होता. त्यात पाणी बायको भरायची, खालच्या नळावरून बादल्या वर आणून. नॉर्वेतलं धुकं ओलं राहावं म्हणून ती स्वयंपाकघरात घामानं निथळायची. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. कलावंत ना मी!

तिचे वडील, आबा, चोपड्याकडच्या खेड्यात लकव्यानं खाटेला खिळले होते. ती म्हणाली, "अहो, आबा त्यांच्या मळ्याचं चित्र मागताहेत, काढून द्या ना. आता जाता येत नाही त्यांना तिथं."

"केळीत काय काढायचं? नुसता हिरवा रंग."

"तुमचं स्वित्झर्लंड काय लाल आहे?"

मी तेच स्वित्झर्लंड, तळ्यासकट, फ्रेम करून आबांसमोर धरलं. आबांनी बराच वेळ पाहिलं.

"जवाईबापू, इतलं पानी! आन लाईट ऱ्हास का तठे दिनभर?"

तळं दिसताच त्यांना मोटारपंप आठवला होता, आणि तिथं दिवसभर वीज राहते का ही चिंता. घरातले सगळे हसले. "चित्र कळणाऱ्यांसाठी असतं," असं पुटपुटत मी उठलो. बायको मात्र हसली नव्हती. तिनं चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवलं.

पुढच्या उन्हाळ्यात आबांची तब्येत ढासळली आणि ती माहेरी गेली. इकडे कूलर कोरडा. माझ्या नॉर्वेला भेगा पडल्यासारख्या कडा आल्या. चिडून मी स्वतः बादल्या आणू लागलो. जिन्यात धाप लागून बसलो, तेव्हा कुठे लक्षात आलं की ते धुकं माझं नव्हतंच. कूलर रिकामाच ठेवून मी चोपड्याची एसटी धरली आणि थेट मळ्यात जाऊन बसलो.

चित्र वाईट झालं. वाऱ्यानं चिरलेली पानं, खाली लोंबणारी वाळकी पानं, यांतलं काही कॅलेंडरवर नसतं, त्यामुळे मला ते येतही नव्हतं. ऊन इतकं की रंग ब्रशवरच वाळायचा. तसंच ते आबांच्या हातात दिलं. त्यांनी ते डोळ्यांजवळ नेलं.

"उगवतीले वारा अडवाले शेवरी लायेल शे ना? ती कोठे गयी?"

"ती झाडं काढायची राहिली, आबा."

बायको दारात उभी होती. मी खाटेजवळ खाली बसलो.

"आबा, माझं चुकलं. तुमचा मळा मला काढण्याजोगा वाटला नाही. आणि न पाहिलेल्या देशांसाठी मी तुमच्या लेकीकडून पाणी भरून घेतलं. मला माफ करा. दोघंही."