ठोंबावर पाय

माझं माहेर मांजरा नदीकाठचं, काळ्या सपाट रानातलं. सहावीत शाळा सुटली, मग लग्न झालं आणि आणीबाणी उठली त्या पावसाळ्यात मी पेठच्या जंगलात येऊन पडले. हे फॉरेस्टात गार्ड. मोठा दवाखाना पार नाशिकला. मला सातवा चाललेला, आणि त्याआधीचं एक पोटातच गेलेलं. पाय घसरायची एवढी धास्ती, की झोपेतही मी खाटेची कड धरून असायची.

पण पाणी झऱ्याचं. तो क्वार्टरच्या खाली, हिरडा-जांभळाच्या दाट सावलीत. उतारभर लव्हाळ्यासारखं काहीतरी ठोंबाठोंबानं, दाट झुबक्यांनी उगवलेलं. काडी बोटांत फिरवून पाहिली, तर तीन धारांची. म्हणजे लव्हाळाच! पण आमचा लव्हाळा उन्हातला, नदीकाठचा. हा इथं अंधारात काय करतोय? आई सांगायची, लव्हाळा दिसला की तिथं पाय घालू नये, खाली चिखल असतो, माणूस गुडघ्यापर्यंत रुततं. म्हणून मी ठोंब चुकवून मधल्या मोकळ्या लाल मातीवरून उतरायची, आणि घसरायची.

पाड्यावरची एक बाई रोज पाण्याला यायची. एकदा मी मटकन बसले, तशी ती हंडा ठेवून हसायलाच लागली.

"गार्डीणबाई, गवताला दुखंल म्हणून चुकवती का गं?"

"खाली चिखल असेल ना!"

"चिखल तू बसली तिथं हाय. ठोंबावर पाय दे. लय धरून हाय तो."

तिनं हात दिला. मी जीव मुठीत धरून ठोंबाच्या मधोमध पाऊल टाकलं. पानं बाजूला झाली आणि खाली लागलं ते चुंबळीसारखं घट्ट. हललंसुद्धा नाही.

मग मी त्याला बघायलाच लागले. पाऊस सगळी माती धुऊन न्यायचा, ठोंबाखालची तेवढी जागची जागी. पुढं उन्हाळ्यात पाहिलं, तर साग उघडाबोडका, हा आपला सावलीत हिरवागार. फूल तपकिरी, देवाला कुणी वाहणार नाही असं. नाव विचारलं तर बाई म्हणाली, "नाव कशाला पायजे? काम बघ त्याचं."

त्याच पावसाळ्यात मला आठवा लागला, तसे हे विळा-कुदळ घेऊन निघाले. "तुला वाट साफ करून देतो."

मी जन्मात पहिल्यांदा आडवी आले. "एक ठोंब उपटाल तर बघा!"

"अगं, साहेब म्हणतील, गार्डाच्या दारातच जंगल!"

"साहेबांना म्हणावं, हंडा घेऊन उतरून दाखवा."

हे हसले. कुदळ परत कोपऱ्यात गेली.

मुलगी झाली, सुखरूप. चालायला लागली तशी झऱ्यावर यायचा हट्ट करायची. मी बोट धरून म्हणायची, "ठोंबावर पाय दे गं." ती द्यायची. पाऊल एवढंसं, की पानांत अख्खं बुडून जायचं, दिसायचंसुद्धा नाही.